वंशावळीबाहेरची नावे

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. घराण्याचा इतिहास लिहावयास घेणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम येते ती वंशावळ, म्हणजे मूळपुरुषापासून चालत आलेल्या पिढ्यांचा तक्ता. आणि तो तक्ता मिळताच निम्मे काम झाले असे वाटू लागते. वस्तुतः तेथे कामाला आरंभही झालेला नसतो. जुन्या वंशावळी पुष्कळदा वतनाच्या, इनामाच्या किंवा वाटणीच्या तंट्यात हक्क शाबीत करण्यासाठी लिहिल्या गेल्या, त्यामुळे ज्यांना हक्क नव्हता त्यांची नावे त्यांत आलीच नाहीत : मुली आल्या नाहीत, सुना आल्या नाहीत, पाळण्यात गेलेली मुले आली नाहीत, आणि घर सोडून परागंदा झालेला भाऊ 'निर्वंश' या एका शब्दात आटोपला. चि. भाचीने ज्या घराण्याचा इतिहास लिहिण्याचे मनात घेतले आहे ते तिचे आजोळ आहे. म्हणून त्या वंशावळीत तिच्या आईचे नाव नाही, तिचे स्वतःचेही येणार नाही. ही गोष्ट तिने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी आणि हाती पडलेल्या प्रत्येक कागदाला 'यात कोण नाही' हे आधी विचारावे.

आरंभ मात्र कागदांपासून करू नये. दफ्तरातला कागद आणखी वर्षभर थांबेल, पण नव्वदीला टेकलेली आजी थांबेलच असे नाही. तिच्यापुढे बसताना वही एकदम उघडू नये, कारण आपल्याकडे जुन्या गोष्टींची चौकशी सुरू झाली की जमिनीचा दावा लावायचा बेत असावा असा संशय घरात प्रथम येतो, आणि एकदा तो आला की बोलणारी तोंडे मिटतात. जमिनीचे नाव न काढता एखादे जुने छायाचित्र पुढे ठेवावे, त्यात कडेला उभी असलेली बाई कोण, ती कोठली, तिला माहेरी काय म्हणत, असे विचारावे. सणाला कोणता नैवेद्य होतो आणि तो कोणी शिकवला, हेही विचारावे. तिला साल विचारणे व्यर्थ होय, कारण तिचा काळ सनावळीने मोजलेला नसतो. अमकी सून प्लेगात गेली असे सासूच्या तोंडून ऐकलेले ती सांगेल, तेव्हा तो प्लेग 1896 पासून पुढे काही वर्षे पुन्हापुन्हा उद्भवत राहिला हे संशोधकाने जाणून असावे. 'मानमोडी' म्हणून ओळखली गेलेली इन्फ्लुएंझाची साथ 1918 ची, पानशेतचा पूर 1961 च्या जुलैतला, कोयनेचा भूकंप 1967 च्या डिसेंबरातला आणि मोठा दुष्काळ 1972 चा. या खुणांच्या आधाराने 'धाकटा तेव्हा पोटात होता' एवढ्या वाक्यावरूनही जन्माचे साल जवळजवळ अचूक काढता येते.

स्त्रियांची स्मृती ज्या वाटेने उतरली ती वाट वेगळी आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. जात्यावरच्या ओवीत भावाचे नाव येते, माहेरच्या गावाचे आणि नदीचे नाव येते, क्वचित सासरच्या जाचाचाही उल्लेख येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या संग्रहाकडे पाहिले तर दफ्तरांनी ज्यांची नोंद घेतली नाही त्यांनी स्वतःची नोंद किती कसोशीने ठेवली होती, याची कल्पना येते. आजोळच्या घरात एखादी जरी ओवी आठवणीत उरली असेल, तर ती म्हणणारीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावी आणि तिच्यात आलेले प्रत्येक नाव वंशावळीशी ताडून पाहावे.

यानंतर महसुली कागद. सर्वांच्या परिचयाचा सातबारा हा मूळचा दोन नमुन्यांचा जोड आहे : गाव नमुना सात हा हक्कांचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. सातबाऱ्यावर नावांच्या शेजारी वर्तुळात काही आकडे लिहिलेले असतात, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; ते फेरफारांचे क्रमांक होत. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, आणि तिची वही म्हणजे गाव नमुना सहा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी 1903 च्या कायद्याने सुरू झाली, म्हणून वर्तुळातला एक आकडा धरून मागच्या फेरफाराकडे, त्यातून त्याच्याही मागच्या फेरफाराकडे असे जात राहिले, तर जमीन असलेल्या घराण्याच्या तीन-चार पिढ्या एकापाठोपाठ एक उलगडत जातात. खातेदार मयत झाला, त्याचे वारस अमुक, त्यांपैकी धाकटा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असून त्याची पालक आई, अशा दोन ओळींत एक पूर्ण घर उभे राहते : बाप अकाली गेलेला आहे, आई विधवा आहे आणि अंगठा उठवून ती लेकराच्या वतीने उभी आहे.

याच नोंदींत मुलींचे नाव कधी दिसू लागते ते चि. भाचीने बारकाईने पाहावे. हिंदू वारसा कायदा 1956 साली झाला. त्यापूर्वीच्या वारसनोंदीत मुलगे असताना मुली सहसा दिसत नाहीत आणि त्यानंतर त्या दिसू लागतात. मात्र पुष्कळदा त्या दिसतात त्या नाहीशा होण्यासाठीच, कारण लगोलग पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्राची नोंद असते. हक्कसोडपत्र म्हणजे बहिणींनी वडिलार्जित मिळकतीतला आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडल्याचा दस्त. त्या दस्तात बहिणीचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे गाव आणि वय लिहावे लागते, खाली तिची सही किंवा डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा असतो. घराण्यातल्या लेकी कोणत्या गावी दिल्या गेल्या याचा सर्वांत भरवशाचा पुरावा, त्यांनी हक्क सोडला त्या कागदावरच मिळावा, ही दुःखाची गोष्ट आहे. पण म्हणूनच असा एकही कागद न वाचता बाजूला टाकू नये.

त्याहून मागचे दस्त वाचताना 'बिन' आणि 'कोम' हे दोन शब्द ठाऊक असावेत. 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक, आणि बाईच्या नावापुढे 'कोम' आले तर पुढचे नाव तिच्या नवऱ्याचे. आडनाव अनेकदा नसतेच. गावाच्या नावाला 'कर' लावून झालेली कितीतरी आडनावे शाळेच्या पटावर किंवा गिरणीच्या हजेरीबुकात प्रथम लिहिली गेली, म्हणून आडनाव सापडत नाही म्हणजे घराणेच सापडत नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. कोतवालाकडची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे त्या काळचा गाव नमुना चौदा, आणि शाळेचे जनरल रजिस्टर ही दोन्ही साधने मोलाची आहेत. फक्त शाळेतल्या जन्मतारखेवर डोळे झाकून विसंबू नये, कारण आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी वयाच्या अंदाजाने साल धरून 1 जून ही तारीख घालीत, आणि त्यामुळे महाराष्ट्रात एकाच दिवशी जन्मलेली माणसे कागदोपत्री असंख्य झाली आहेत.

एकोणिसाव्या शतकात शिरताच मोडी लिपी आडवी येते. मोडी ही बोरू न उचलता भराभर लिहिण्यासाठी वापरात असलेली मराठीची लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकविली जात असे, म्हणून आजोबांच्या पिढीला ती येत होती आणि नातवंडांना ती परकी झाली. लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो, मग तिच्याखाली अक्षरे लटकावीत जातो. शब्द कोठे संपला आणि ऱ्हस्व कोणते, दीर्घ कोणते, हे वाचकाने अर्थावरून ओळखायचे असते. ती शिकण्यास बुद्धीपेक्षा चिकाटी अधिक लागते, आणि काही महिने रोज एक कागद वाचला तर हात बसतो. मोडी कागदांत कालगणनाही अनेक प्रकारची असते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, शकवर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांसाठी मात्र 79 मिळवावे लागतात. फसली सनात 590 आणि सुहूर सनात 599 मिळवावे लागतात, मात्र ही दोन्ही वर्षे मृग नक्षत्रापासून धरली जात असल्यामुळे जानेवारी ते मेमधल्या तारखांना आणखी एक मिळवावा लागतो. सुहूर सन आकड्यांऐवजी अरबी संख्यानामांनी लिहीत, जसे 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून 1161. हे वर्ष 1760 च्या मृगापासून 1761 च्या मृगापर्यंतचे, म्हणजे पानिपताचे वर्ष होय.

पानिपताचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. कितीतरी घरांत मूळपुरुष पानिपतावर लढला किंवा पडला अशी कथा सांगितली जाते, आणि तिला कागदाचा आधार बहुधा नसतो. अशी कथा खोडून टाकू नये, पण ती घडलेली हकिगत म्हणून मांडूही नये. ती कोणी कोणास सांगितली, केव्हापासून सांगितली जाते, ती सांगण्याने घराला कोणता मान मिळत होता, एवढे लिहावे. म्हणजे लढाई सिद्ध झाली नाही तरी त्या घराची आकांक्षा इतिहासात नीट नोंदली जाते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली काढला, तेव्हा मूळ पत्रे जशीच्या तशी छापून वाचकांपुढे ठेवली. लेखकाचे म्हणणे पटो न पटो, पुरावा प्रत्येकाला पाहता आला. घरगुती इतिहासातही तसेच व्हावे : ऐकलेले, लेखी मिळालेले आणि अनुमानाने ठरविलेले अशा तिन्ही गोष्टी एकाच पानावर असोत, पण कोणती कोणत्या प्रकारची आहे हे वाचणाऱ्याला डोळ्यांनी कळावे.

सरकारी दफ्तरांबाहेरही नोंदी आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्या यजमानांची नावे, गाव आणि पिढ्या लिहिलेल्या असतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागात हेळवी समाजातील लोक पिढ्यान्पिढ्या घरोघर जाऊन वंश सांगत आले आहेत, त्यांच्या चोपड्यांना आणि पाठांतरालाही योग्य तो मान द्यावा. कुलदैवत ही आणखी एक खूण होय. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलामुळे श्रीमंगेशाचे स्थान कुठ्ठाळीहून प्रियोळास हलविले गेले आणि भाविक कुटुंबेही विखुरली; तेव्हा आज कोकणात किंवा कारवारकडे राहणाऱ्या घराचे मूळ गाव आडनावापेक्षा देवाच्या पत्त्यावरून अधिक खात्रीने सापडू शकते. मराठवाड्यातले जुने कागद निजामी अमलामुळे उर्दूतही असतात, तिकडची शाखा शोधताना उर्दू जाणणाऱ्याची मदत घ्यावी.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्या पूर्वजांना हुडकणे अधिक कठीण आहे, आणि आजोळच्या घराचा इतिहास त्यांच्यावाचून अपुरा राहील. त्या शेतात पिढ्यान्पिढ्या राबलेले सालदार, बलुते घेऊन अवजारे करून देणारे सुतार-लोहार, वेशीबाहेरच्या वस्तीतून गावकीची कामे करणारी माणसे यांची नावे घरच्या हिशेबवहीत खर्चाच्या बाजूला सापडतात : इतके शेर जोंधळे, एक घोंगडी, लग्नासाठी उचल. महार वतने 1958 च्या कायद्याने संपुष्टात आली, पण त्यापूर्वीच्या वतनाच्या नोंदींत त्या घरांचीही नावे आहेत. हिशेबवहीतील ही नावे चि. भाचीने स्वतंत्र उतरून काढावीत, आणि त्या घरांचे वंशज आज गावात असतील तर त्याची एक नक्कल त्यांच्या हाती द्यावी, कारण तो कागद आजोळच्या ट्रंकेत असला तरी ते पूर्वज त्यांचे आहेत.

लिहून झालेले इतरांना दाखवताना संयम लागतो. दत्तक, पाटाचे लग्न, म्हणजे पूर्वी काही जातींत रूढ असलेला पुनर्विवाह, कर्ज, तुरुंग, वेड, घरातून निघून गेलेली सून, या सर्व गोष्टी घडलेल्या असतात आणि त्या गाळल्या तर उरते ती केवळ स्तुती. तथापि हयात माणसाला ज्यामुळे खाली पाहावे लागेल अशी गोष्ट त्या माणसाला विचारल्याशिवाय छापू नये. ती लिहून, बंद पाकिटात, सालासह ठेवून द्यावी. शंभर वर्षांपूर्वीच्या व्यक्तीविषयी इतका संकोच बाळगण्याचे कारण नाही, मात्र तिच्यावर निकाल देण्याची घाईही करू नये.

राहता राहिले कागदांचे जतन. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि टिकावे म्हणून लॅमिनेशन करून घेऊ नये, कारण त्याने कागद कायमचा बिघडतो. आजोळी माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत तांबड्या सुती रुमालात बांधलेले एक बासन आहे, त्यात वेखंडाचे तुकडे घातलेले आहेत आणि सर्वांत वर घड्यांवर झिजलेला एक मोडी कागद आहे. तो कोरड्या दिवसांत, कोरड्या हातांनी, सपाट पाटावर उघडावा. उघडण्यापूर्वी बासनातल्या कागदांचा क्रम छायाचित्रांत टिपून ठेवावा, कारण कोणता कागद कोणत्या कागदाजवळ ठेवला होता हीसुद्धा ठेवणाऱ्याने मागे ठेवलेली माहिती आहे. आणि त्या दिवशी आजीला शेजारी बसवावे. तिला मोडी येत नाही, परंतु ते बासन बांधणारी तिची सासू होती आणि त्या सासूचे माहेरचे नाव आज फक्त तिला ठाऊक आहे.