एकटी पाण्यात उतरू नकोस

सांगली

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

ओंकार परवा फोनवर बोलता बोलता सांगून गेला, की तू हल्ली शनिवारी पहाटे एकटीच डोंगरातल्या कुठल्याशा तळ्यावर पोहायला जातेस. त्याला त्याचं कौतुक. माझा मात्र तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. दादा-वहिनींच्या कानावर अजून घातलेलं नाही. वहिनीचं बीपी तुला ठाऊकच आहे.

टँकवर तुला पाण्यातून बाहेर यायला सांगितलं, हेही ओंकारकडूनच कळायचं होतं का? आपल्याकडे निम्मी लेडीज बॅच गळ्यापासून घोट्यापर्यंतच्या कॉश्च्युममध्ये पोहते. टोपी हवी, कापड सुती नको, एवढं पाळलं की कोणी विचारत नाही. तिकडे फ्रान्समध्ये तशाच कॉश्च्युमवरून तुला चारचौघांत उठवलं तेव्हा कसं झालं असेल, ते मला कळतं.

मी मुद्दाम वाचून काढलं. 2022 साली ग्रेनोबल शहराने टँकवर बुर्किनीची, म्हणजे मुसलमान बायकांच्या अंगभर कॉश्च्युमची, वाट मोकळी केली, तर जूनमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या नियमावरची स्थगिती कायम ठेवली. आणि 2016 मध्ये त्याच न्यायालयाने समुद्रकाठच्या एका गावाने किनाऱ्यावर बुर्किनीला घातलेली बंदी थांबवली होती. म्हणजे उघड्या पाण्यावर चालतं ते टँकवर चालत नाही! बुर्किनी घालणारी असो की तू, पाण्यात किती अंग झाकायचं हे जिचं तिने ठरवावं. तेव्हा कोणाच्या भिडेने कॉश्च्युम बदलू नकोस, हे मी आत्या म्हणून सांगते.

पण एकटी कशाला गेलीस? अगं, मे महिन्यात त्या तळ्यांत वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं. इतक्या गार पाण्यात एकदम उतरलं की पहिल्या मिनिटाला श्वास ताब्यात राहत नाही, मोठी धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असलं तर पाणी आत जातं. थोड्या वेळाने हातपाय ऐकेनासे होतात. तिथे चांगलं पोहता येण्याचा काही उपयोग नाही. तू पाण्याला भीत नाहीस, याचीच मला भीती वाटते.

मी कृष्णेत शिकले, पाठीला भोपळा बांधून, परकर-पोलक्यात. ओला परकर पायांत गुंडाळायचा, तरी मी जायचे. तेरावं लागलं आणि आजीने बंद केलं. दादा पैलतीर गाठून यायचा आणि मी घाटावर त्याचे कपडे सांभाळत बसायचे. तुझ्यासारखा कॉश्च्युम तेव्हा मिळता तर आजीचं मन वळलंही असतं. कोण जाणे. मी हट्ट धरला नाही, ते अजून सलतं. म्हणून तर तुला एवढीशी असताना बोट धरून टँकवर नेलं. तेव्हा पोहणं सोड, असं माझ्या तोंडून कधी येणार नाही.

एवढं कर. तळ्यावर जायचंच तर वेटसूट घे. तोही गळ्यापासून घोट्यापर्यंत असतो, शिवाय ऊब देतो आणि तरंगायला मदत करतो. गार पाण्यात पोहणारे बरेच बायका-पुरुष तो घालतात, त्याला कोणी हटकत नाही. कमरेला भगव्या रंगाचा फुगा बांध, म्हणजे लांबूनही दिसशील. जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याच तळ्यांवर जीवरक्षक असतात, हिरवा झेंडा असेल तेव्हाच उतर. टँकचे नियम गावागणिक वेगळे असतात, शेजारच्या गावात विचारून बघ. आणि कोणीतरी काठावर हवंच. पोहता न येणारी मैत्रीण असली तरी चालेल, नुसती फोन घेऊन बसू दे.

फार बोलले का? रागावले, ते मनात ठेवू नकोस. तिकडे तुला घरचं असं कोणी नाही, आणि अपमान झाला तो तू एकटीने गिळलास, याचंच मला जास्त लागलं. पुढच्या वेळी आधी मला फोन कर, मग आपण दोघी मिळून चिडू.

वेटसूटचे पैसे मी पाठवते, दादाला कळवायची गरज नाही. चांगला घट्ट बसणारा घे, स्वस्तातला नको. आणि या शनिवारी जाणार असशील तर सोबत कोण आहे, ते आदल्या रात्री कळव. कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असते.

तुझी,
आत्या