संगणकातील रंगीत दिवे : जोडणी व नियंत्रण



या अंकातील विज्ञानपाठाचा विषय पाहून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतील, हे आम्हास ठाऊक आहे. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लावल्याने संगणक तिळभरही वेगवान होत नाही. ती निव्वळ हौस आहे. परंतु या हौशीच्या निमित्ताने नववी-दहावीच्या पुस्तकातील विद्युतधारा, रोध, एकसर जोडणी आणि प्रकाशाचे मिश्रण हे सारे एका वीतभर पट्टीत हाती लागते. शिवाय गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधी आपल्या प्रयोगशाळेत एक पट्टी जळाली, त्याचा खुलासा करणेही आमच्याकडे बाकी आहे. तो पुढे ओघात येईलच.

प्रथम दिव्याविषयी. लाल रंगाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. निळ्यासाठी मात्र जगाला त्यानंतर सुमारे तीस वर्षे थांबावे लागले. तो साधणारे आकासाकी, आमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळा आला म्हणूनच लाल, हिरवा व निळा असे तीन बारीक दिवे एकाच ठिपक्यात बसवता आले. संगणकाच्या सजावटीतील प्रत्येक ठिपका असा तीन दिव्यांचा असतो, आणि बाजारात ज्याला 'आरजीबी' म्हणतात ती याच तीन रंगांची इंग्रजी आद्याक्षरे.

चित्रकलेच्या तासाला निळा व पिवळा रंग मिसळून हिरवा करता, तो नियम येथे चालत नाही. रंगाची वडी प्रकाश शोषून घेते, दिवा प्रकाश टाकतो. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र पडला की डोळ्याला पिवळा दिसतो आणि तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा. आता प्रत्येक रंग कमी-जास्त कसा करायचा? येथे पुष्कळ जण चुकतात. त्यांना वाटते की दिव्याचा व्होल्टेज कमी केला जातो. तसे नाही. दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो, आणि त्यातील चालू राहण्याचा काळ कमी केला की उजेड मंद भासतो. डोळ्याला ती उघडझाप कळत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पट्टीकडे पाहा, बऱ्याचदा पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, ती हीच उघडझाप. प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या धरल्या तर २५६ × २५६ × २५६ म्हणजे १,६७,७७,२१६ छटा होतात. गुणाकार करून पाहावा, आम्ही केला आहे.

आता मुख्य गोष्ट. मदरबोर्डवर या दिव्यांसाठी दोन वेगळ्या जातीचे हेडर असतात, आणि ते दिसायला सख्खे भाऊ आहेत.

पहिला १२ व्होल्टचा. याला चार पिन असतात : एक १२ व्होल्टची आणि उरलेल्या तीन हिरवा, लाल, निळा या रंगांच्या. पट्टीतील सर्व दिव्यांना १२ व्होल्ट सतत मिळतात. मदरबोर्ड फक्त परतीची वाट उघडतो व मिटतो. म्हणून या प्रकारात संपूर्ण पट्टीचा रंग एका वेळी एकच राहतो. येथे एक सावधगिरी. अशा पुष्कळ पट्ट्यांत काळी तार ही १२ व्होल्टची, म्हणजे धन असते. काळी म्हणजे ऋण ही आपली घरगुती सवय येथे कामाची नाही. प्लगवर छोटा बाण असतो, तो हेडरवरील १२ व्होल्टच्या पिनशी जुळवावा.

ही पट्टी नीट पाहिली तर दर तीन दिव्यांनंतर कापण्याची खूण दिसेल. तीनच का? निळ्या किंवा हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन दिवे एकसर जोडले की ९ व्होल्ट झाले, उरलेले ३ व्होल्ट रोधकाच्या वाट्याला. धारा २० मिलिअँपिअर धरली तर रोध ३ ÷ ०.०२ = १५० ओहम. लाल दिव्याला साधारण २ व्होल्टच पुरतात, म्हणून ६ व्होल्ट उरतात आणि तेथे ३०० ओहम हवेत. पट्टीवर भिंग धरून पाहाल तर लाल रंगाच्या रोधकावरील आकडा वेगळा दिसतो, त्याचे कारण हे. (आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे 'एकसर' म्हणताना आमच्या तोंडी अजूनही आधी 'श्रेणीक्रम' येते. वर्गात मुले हसतात. पण गणित दोन्ही भाषांत १५० ओहमच येते.)

दुसरा हेडर ५ व्होल्टचा, बाजारातील नाव 'एआरजीबी'. याला जागा चारचीच, पण पिन तीन : ५ व्होल्ट, माहितीची म्हणजे डेटाची तार, मग एक रिकामी जागा, आणि शेवटी ऋण. यातील प्रत्येक ठिपक्यात तीन दिव्यांसोबत एक सूक्ष्म चिप बसवलेली असते, म्हणून प्रत्येक ठिपका स्वतंत्र रंग दाखवू शकतो.

एकाच तारेवरून पन्नास ठिपक्यांना वेगवेगळे निरोप कसे पोहोचतात, हा भाग आम्हाला सर्वात आवडतो. पंगतीत वाढप्याने पहिल्या पानावर पत्रावळींचा गठ्ठा द्यावा, त्याने वरची एक स्वतःला ठेवून बाकी गठ्ठा पुढे सरकवावा, तसेच हे चालते. मदरबोर्ड ओळीने सर्वांचे निरोप सोडतो. पहिली चिप पहिले २४ बिट, म्हणजे तीन रंगांचे प्रत्येकी ८, आपल्याकडे ठेवते आणि उरलेले पुढे जाऊ देते. दुसरी तिला मिळालेल्यातील पहिले २४ ठेवते. क्षणभर तार शांत झाली की सर्व चिप आपापला रंग दाखवतात. डब्ल्यूएस२८१२बी ही या कामाची प्रसिद्ध चिप. तिचा वेग सेकंदाला ८ लाख बिट. ५४ ठिपक्यांचे १,२९६ बिट झाले, त्यांना वेळ लागतो सुमारे १.६ मिलिसेकंद. म्हणून रंग धावत असल्यासारखा दिसतो.

इंदूरकरांना हा धावता प्रकाश नवा नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात, त्यांवरील दिव्यांची नदी वाहते, चक्र फिरते. खरे तर एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा पेटतो, आणि आपला डोळा त्यांना जोडून घेतो. फरक इतकाच की झांकीत प्रत्येक दिव्याच्या गटाला वेगळी तार ओढावी लागे, येथे एकाच तारेत भागते. अर्थात वाटेतील एक चिप बिघडली की तिच्या पुढचे सगळे निरोपाविना राहतात. पट्टी अर्धीच पेटत असेल तर बिघाड कोठे शोधायचा, हे यावरून कळावे.

आता त्या जळालेल्या पट्टीविषयी. संमेलनात रंगमंचामागे ठेवण्याच्या संगणकाला काचेची बाजू असलेले नवे कॅबिनेट आणले होते. नववीतील एक विद्यार्थिनी आणि आठवीतील एक विद्यार्थी त्यात ५ व्होल्टची पट्टी बसवत होते. मुलीने प्लग हातात धरून आम्हास विचारले, "सर, याला तीनच भोकं आहेत आणि इथे पिना चार आहेत. हेच आहे का?" आम्ही घाईत होतो. "बसतंय ना बेटा? मग झालं," असे म्हणून आम्ही पुढे गेलो. प्लगच्या मधल्या रिकाम्या जागेतून चौथी पिन सहज आत गेली, प्लग घट्ट बसला. बटण दाबताच क्षणभर लख्ख उजेड झाला, जळका वास आला, आणि पट्टी संपली. ५ व्होल्टच्या चिपांना १२ व्होल्ट मिळाले होते. सुदैवाने मदरबोर्ड वाचला. नुकसान सातशे रुपयांचे.

त्यानंतर विद्यार्थ्यांनी संगणकाचे कॅबिनेट उघडू नये अशी सूचना लागली, तीवर सही आमची होती. विश्वस्त मंडळाची काळजी रास्त होती, पण मंडळासमोर आम्ही "मुलांकडून चूक झाली" एवढेच सांगितले. मुलीने विचारलेला प्रश्न व आमचे उत्तर सांगितले नाही. ते येथे लिहीत आहोत. प्रश्न बरोबर होता, चूक उत्तरात होती. दोन्ही विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांची आम्ही भेट घेऊन क्षमा मागितली आहे, पट्टीचे पैसे आम्ही भरले आहेत, आणि सूचना काढून घ्यावी असे पत्र मंडळाकडे दिले आहे.

जोडणी करताना काय पाहावे ते आता लिहितो. संगणक बंद करून मागील तार काढावी, मग एसएमपीएसचे बटण बंद करावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्यावी. हेडरजवळ छापलेले नाव पुस्तिकेशी ताडून पाहावे. नावे कंपनीगणिक बदलतात : एमएसआयच्या बोर्डावर १२ व्होल्टचा 'जेआरजीबी' आणि ५ व्होल्टचा 'जेरेनबो' असतो, इतर कंपन्यांची नावे निराळी. शंका असल्यास शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी नव्हे, मल्टिमीटरने मोजावे : संगणक चालू ठेवून काळे टोक कॅबिनेटच्या धातूला, लाल टोक कडेच्या बाण असलेल्या पिनेला, आणि शेजारच्या पिनेला धक्का न लावता. १२ किंवा ५ लगेच कळते. सुट्या मिळणाऱ्या जोडतारा व स्प्लिटर यांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण मूळ प्लगात बुजवलेले भोक त्यांत कधीकधी उघडे असते. उलट चूक, म्हणजे १२ व्होल्टची पट्टी ५ व्होल्टच्या हेडरला, सहसा काही जाळत नाही. पट्टी नीट पेटत नाही एवढेच.

रंगीत पंख्याला दोन तारा असतात हेही ध्यानात असू द्या. एक पंखा फिरवण्याची, दुसरी दिव्यांची. दोन्ही आपापल्या जागी गेल्या पाहिजेत.

किती दिवे लावावेत याचाही हिशेब आहे. अनेक मदरबोर्डवर ५ व्होल्टच्या हेडरची मर्यादा ३ अँपिअर असते, आपल्या बोर्डाची पुस्तिकेत पाहावी. एक ठिपका पूर्ण पांढरा पेटला की जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो असे धरा. आठ-आठ ठिपक्यांचे तीन पंखे आणि तीस ठिपक्यांची पट्टी मिळून ५४ ठिपके, म्हणजे ३.२४ अँपिअर. मर्यादा ओलांडली. अशा वेळी सॅटा तारेने थेट एसएमपीएसवर चालणारा हब घ्यावा. त्यात वीज एसएमपीएसची व निरोप मदरबोर्डचा, असा बंदोबस्त असतो. साध्या स्प्लिटरने वीज वाढत नाही, आणि त्याच्या सर्व शाखांना एकच निरोप जात असल्याने सगळे पंखे एकसारखेच नाचतात.

नियंत्रणाचे थोडक्यात. आसुसचे ऑरा सिंक, एमएसआयचे मिस्टिक लाइट, गिगाबाइटचे आरजीबी फ्यूजन अशी प्रत्येकाची आपली प्रणाली आहे. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून अशी सोय अंगभूतही आहे, मात्र ती जुळणाऱ्या उपकरणांवरच चालते. ओपनआरजीबी ही मुक्त प्रणाली विंडोज व लिनक्स दोन्हींवर फुकट मिळते, पुष्कळ कंपन्यांची उपकरणे ओळखते, म्हणून शाळेत आम्ही तीच ठेवली आहे. एका वेळी एकच प्रणाली चालवावी. दोन चालल्या तर दोघी एकाच पट्टीला हुकूम सोडतात आणि रंग लुकलुकत राहतात. ठिपक्यांची संख्या तेथे भरावी लागते. ५४ ऐवजी ३० लिहिले तर उरलेले २४ निरोपाची वाट पाहत बसतात.

शेवटी पहारेकरी काकांची तक्रार. संगणक बंद केल्यावरही रात्री प्रयोगशाळेत निळा उजेड दिसतो, असे त्यांनी दोनदा सांगितले. संगणक बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला थोडी ५ व्होल्टची राखीव वीज देत राहतो, काही बोर्ड ती दिव्यांना पुरवतात. बायोसमध्ये 'ईआरपी' नावाची सोय चालू केल्यावर तो उजेड बंद झाला. जळालेली पट्टी प्रयोगशाळेत भिंगासह टेबलावर ठेवली आहे. पालकांनीही येऊन पाहावी, शनिवारी मधल्या सुट्टीनंतर आम्ही तेथेच असतो.