आमवात आणि स्व-व्यवस्थापनाचे शिक्षण



शिक्षण म्हटलं की आपल्याला फळा आणि वर्ग आठवतो. पण काही शिक्षण मोठेपणी, आजार झाल्यावर घ्यावं लागतं. आज आपण आमवात असलेल्या स्त्रियांना असं शिक्षण कसं देतात, ते पाहूया.

आमवात म्हणजे काय?

डॉक्टर याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. बोटं, मनगटं सुजतात, दुखतात आणि थकवाही फार येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त दिसतो. तो कायमचा बरा होत नाही, पण औषधांनी चांगला आटोक्यात राहू शकतो.

यात एक अडचण खास बायकांची आहे. सांधे सर्वात जास्त आखडतात ते सकाळी, कधी कधी तासभर किंवा जास्त. आणि नेमकी तीच वेळ पोळ्यांची, डब्यांची आणि मुलांच्या शाळेची! हात वरून बरा दिसतो, म्हणून घरच्यांना ती आळस करते असं वाटतं. ती बिचारी मुकाट्याने सोसत राहते.

स्व-व्यवस्थापन म्हणजे काय?

डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांनी, तीही थोडा वेळ. बाकीचे सगळे दिवस आजार सांभाळायचा तो तिनेच. कॉर्बिन आणि स्ट्रॉस या अभ्यासकांनी १९८८ मध्ये या सांभाळण्याची तीन कामं सांगितली :

१. उपचार सांभाळणे – औषध वेळेवर घेणे, रक्ततपासणी करणे. उदा. मेथोट्रेक्सेट ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. बरं वाटलं म्हणून औषध मनाने बंद करू नये. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं.

२. रोजची भूमिका सांभाळणे – भाजी रात्रीच चिरून ठेवणे, पिशवी बोटांत न लटकवता खांद्याला अडकवणे, पातेलं दोन्ही तळहातांवर उचलणे, मध्ये मध्ये बसणे.

३. मन सांभाळणे – चिडचिड, भीती, उदासी बोलून दाखवणे. "मला कुणी मदत करत नाही" यापेक्षा "उद्यापासून सकाळचा कुकर तुम्ही लावा" हे सांगितलेलं लवकर समजतं.

हे शिकवतात कसं?

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग या परिचारिकेने १९७० च्या दशकाच्या शेवटी संधिवाताच्या रुग्णांसाठी असा वर्ग तयार केला. सहा आठवडे, दर आठवड्याला साधारण दोन तास. शिकवणारे डॉक्टर नव्हते! प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, त्यातली कित्येक स्वतः संधिवाताची रुग्ण.

वर्गाचा गाभा म्हणजे आठवड्याचा छोटा बेत. "मी रोज व्यायाम करीन" हा बेत नाही, ही इच्छा झाली. "सोमवार, बुधवार, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दहा मिनिटं चालेन" हा बेत. काय, किती, केव्हा आणि किती वेळा, हे त्यात हवं. मग स्वतःला विचारायचं, हे जमेल याची खात्री ० ते १० पैकी किती? उत्तर ७ पेक्षा कमी आलं तर बेत लहान करायचा. दहाची पाच मिनिटं करा, पण जमेल असंच ठरवा. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगायचं. जमलं नसेल तर कुणी रागवत नाही. बाकीच्या जणी उपाय सुचवतात.

यातून काय कळलं?

आधी वाटलं होतं की जे व्यायाम जास्त करतील त्यांच्या वेदना जास्त कमी होतील. पण तसा ठळक संबंध दिसला नाही. ज्यांचा "मी यात काहीतरी करू शकते" हा विश्वास वाढला, त्यांना जास्त फायदा झाला. टीईटीचा अभ्यास करणाऱ्यांना अल्बर्ट बांडुरा आठवत असतील. त्यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची कल्पना ती हीच. आणि हा विश्वास भाषणाने येत नाही. ठरवलेली छोटी गोष्ट पार पडली की येतो, आपल्यासारखीच दुसरी बाई करताना पाहिली की येतो.

आपण वर्गात हेच करतो ना? ज्या मुलाला गणिताची भीती वाटते त्याला आधी जमेल असं उदाहरण देतो.

समारोप

हे शिक्षण औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. तुमच्या घरात, शाळेत किंवा पालकांमध्ये अशी कुणी ताई असेल तर "काळजी घ्या" एवढंच म्हणून थांबू नका. "या आठवड्यात कोणती एक गोष्ट जमेल?" असं विचारा. आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

विचार करा : वरच्या तीन कामांपैकी आपल्या घरातल्या स्त्रिया कोणतं काम एकट्याच करतात? त्यातलं कोणतं आपण आजपासून वाटून घेऊ शकतो?