जुनी सफारी : शौक आणि हिशेब

धंद्यात चार पैसे सुटू लागले की दारात मोठी गाडी असावी असे वाटते. नवी आवाक्याबाहेर असते, म्हणून नजर जुन्या टाटा सफारीकडे जाते. हा शौक वाईट नाही. मात्र ताका घेताना आपण भाव आणि पोत दोन्ही पाहतो, तसे येथेही पाहावे.

ही गाडी मुळात पुण्याची. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ती 1998 साली बाजारात आणली. वजन सुमारे दोन टन, खाली मजबूत चेसिस, उंच बैठक आणि काही गाड्यांत चारही चाकांना ताकद देण्याची सोय. 2012 साली स्टॉर्म आली आणि 2019 साली ही जात बंद झाली. 2021 साली त्याच नावाने आलेल्या गाडीला वेगळी चेसिस नाही व इंजिनची ताकद पुढच्याच चाकांना मिळते. जुन्या सफारीची ओढ टिकून आहे ती यामुळे.

आता हिशेब. समजा, गाडी 4 लाखांत मिळाली. हीच रक्कम कापडात घालून वर्षात 3 वेळा फिरली आणि दर फेरीला खर्च वजा जाता 5 टक्के उरले, तर 60 हजार होतात. म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तरी महिन्याला 5 हजारांची कमाई सोडावी लागते. डिझेल, विमा, टायर निराळे. गाडी जुनी म्हणून डिझेल स्वस्त मिळत नाही.

सौद्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात :

1. नोंदणी : खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. पुढे दर 5 वर्षांनी आरटीओत तपासणी व नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5 हजार झाले. 20 वर्षांवरील गाडीला ऑगस्ट 2025 पासून 10 हजार. पर्यावरण कर वेगळा.

2. परराज्यातील गाडी : दिल्लीत 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवर 2015 पासून बंधने आली. त्यामुळे तिकडच्या गाड्या कमी भावात इकडे येतात. ना हरकत प्रमाणपत्र पाहावे आणि येथील कर भावात मिळवूनच तुलना करावी.

3. चेसिस : रंगाला भुलू नये. गाडी उचलून गंज व वेल्डिंगचे जोड मिस्त्रीला दाखवावेत. सर्वच सफारींना चारही चाकांची ताकद नसते. असल्यास ती लावून, चालवून पाहावी.

4. सुटे भाग : दोन, तीन आणि 2.2 लिटर अशी वेगवेगळी डिझेल इंजिने येऊन गेली. आपल्या इंजिनचे भाग मिळतात का, हे आधी नाना पेठेत विचारावे.

गाडी घ्यायचीच तर घरखर्च भागवून उरलेल्या नफ्यातून घ्यावी, खेळत्या भांडवलाला हात लावू नये. गिरणीचे बिल थकवून दारात सफारी उभी केली, तर पेठेत आधी चर्चा बिलाचीच होते.