हाताजोगे हत्यार

लेखन म्हणजे केवळ सुचणे नव्हे. सुचलेले खोडणे, हलवणे, सुधारणे हेही लेखनच. संगणकावर हे काम ज्या साधनाने होते, त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. बहुतेक जण तो मिळेल तसा वापरतात. तो आपल्या सवयीप्रमाणे घडवून घ्यावा, त्याचे फळ उशिरा पण भरघोस मिळते, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

अशा एडिटरांत ‘ईमॅक्स’ हा जुना व नामांकित. १९७६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी त्याचा पहिला अवतार सिद्ध केला. निरनिराळ्या लोकांनी आपापल्या सोयीसाठी रचलेल्या आज्ञा एकत्र करूनच तो जन्मला. १९८५ साली आलेला ‘ग्नू ईमॅक्स’ आजही विनामूल्य मिळतो आणि त्यात देवनागरीही लिहिता येते.

“आपण कलाशाखेचे, हे आपले काम नव्हे,” असे कोणी म्हणेल. पण बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्स लिहिला, तेव्हा त्यांच्या कचेरीतील सेक्रेटरीसुद्धा त्यात स्वतः भर घालू लागल्या. त्यांच्या माहितीपुस्तिकेत याला प्रोग्रॅमिंग म्हणतात हे लिहिलेलेच नव्हते. म्हणून त्या बिचकल्या नाहीत, असे स्टॉलमन सांगतात.

माझे वडील सुतार आहेत. पटाशी बाजारातून आणली, तरी तिची मूठ ते आपल्या पंजाच्या मापाने घडवतात. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच; अभ्यासाचे हत्यार कसे असावे, हे मला सांगणारे कोणी नव्हते. ते मी या मुठीवरून शिकलो.

ईमॅक्स सुरू होताना एक छोटी फाईल वाचतो. आपल्या सूचना तिच्यात लिहावयाच्या. प्रथम मी अक्षर मोठे केले. मग ‘मफु’ लिहिताच ‘महात्मा फुले’ उमटेल अशी लघुरूपे नोंदवली. पुढे एक कळ दाबताच तासाच्या टिपणाला तारीख व विषय यांचा मथळा मिळू लागला. प्रत्येक सुधारणेने वाचतात ते क्षणच. पण ते रोज वाचतात, आणि लक्ष विषयावर राहते, हा लाभ त्याहून मोठा.

या फाईलमध्ये अर्धविरामापुढचा मजकूर संगणक सोडून देतो. तेथे मी प्रत्येक सूचनेचे कारण मराठीत लिहितो. त्यामुळे ती फाईल माझ्या कामाच्या सवयींची वहीच झाली आहे. संगणक बदलला, तरी ती सोबत नेता येते.

मात्र नुसत्या रंगरंगोटीत संध्याकाळ घालवू नये. खरोखर अडले, तेवढेच बदलावे. आठवड्याला एक बदल पुरे. मित्रहो, पदवीनंतर कोणाला कोणते काम मिळेल, हे आज सांगता येत नाही. पण लिहिणे तर सर्वांनाच आहे. त्याची तयारी आतापासूनच करता येईल.