आकडा आला म्हणजे वजन आलं असं नाही

हळदीचं बीट संपलं की काटा होतो, काटा झाला की पट्टी बनते. हिंगोलीच्या मोंढ्यात हा क्रम वर्षानुवर्षं चालत आलाय. मापाडी वजन पुकारणार, मुनीम लिहिणार. त्यात ५२ चे ४२ होऊ शकतात, म्हणून आडतवाले आता म्हणतात, काट्यावरचं वजन सरळ संगणकात येऊ द्या. मागणी रास्त आहे. मी हेच काम करतो, आणि जिल्ह्यातल्या ज्या पोरापोरींना या कामात उतरायचंय त्यांना माझं एकच सांगणं आहे: पोर्ट उघडलं, पडद्यावर आकडा दिसला, एवढ्यावर काम संपलं असं समजू नका.

एका आडत दुकानातलं प्रकरण सांगतो. तिथलं सॉफ्टवेअर विंडोजवर बिनबोभाट चालत होतं. नंतर संगणक बदलला, नव्यावर लिनक्स आलं. कोड तोच, काटा तोच, केबल तीच. वजनं बरोबर यायची आणि मधेच एखादा कट्टा २.३५ किलोचा निघायचा. सगळे म्हणाले केबल लूज आहे. केबल ठणठणीत होती.

तो काटा दर वेळी एक ओळ पाठवायचा: आधी एसटी, स्वल्पविराम, जीएस, स्वल्पविराम, मग +००५२.३५, मग केजी आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा. एकूण १८ बाइट. वेग ९६००, म्हणजे एका बाइटला साधारण एक मिलिसेकंद. पूर्ण ओळीला जवळपास १९. पण काटा संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरमधली एफटीडीआयची चिप हातात जमेल तेवढं मूळ सेटिंगप्रमाणे दर १६ मिलिसेकंदांनी पुढे ढकलते. ओळ मधेच तुटणार हे ठरलेलंच. विंडोजवर वाचनाची मुदत अशी लावलेली होती की बाइट येणं थांबेपर्यंत प्रोग्राम थांबायचा, त्यामुळे तुकडे आपोआप जुळायचे. लिनक्सवर एक बाइट आला तरी वाचन परतायचं. एका वाचनात +००५ आणि पुढच्यात २.३५, आणि प्रोग्राम त्यातला हाती लागेल तो तुकडा वजन म्हणून घ्यायचा.

२.३५ किलोचा कट्टा निदान कुणाच्याही डोळ्यांवर येतो. मला धसका बसला तो दुसऱ्या प्रकाराचा. ओळ दशांशावर तुटली की ५२.३५ च्या जागी नुसते ५२ पडायचे. भाव क्विंटलला दहा हजार धरला तर कट्ट्यामागे ३५ रुपये गेले, आणि पट्टी बघून ना शेतकऱ्याला कळणार, ना आडत्याला. अशी पट्टी माझ्या प्रोग्राममधून निघू नये यासाठी मी वाटेल तेवढा वेळ घालवीन.

म्हणून सीरियल पोर्टमधून ओळी येतात असं धरून चालूच नका, बाइट येतात. ते एका जागी साठवा, ओळ संपल्याची खूण सापडली की तेवढा भाग काढा, लांबी मोजा, सुरुवातीची अक्षरं तपासा. काही कमी वाटलं तर अख्खी ओळ टाकून द्या. काटा पुढची पाठवतोच. सुरुवातीला एसटी असेल तरच वजन घ्या, यूएस असेल तर काटा अजून हलतोय. हमालाने कट्टा ठेवल्यावर पहिले काही क्षण यूएसच येतं. हा क्रम काटा बनवणाऱ्यागणिक बदलतो, तेव्हा आधी इंडिकेटरचं माहितीपत्रक मिळवा. काही जुने काटे २४०० वेगाने, सात बिट आणि सम पॅरिटीने बोलतात. तिथे अंदाजपंचे करण्यात दिवस जातो.

दोन्हीकडे चालणारी लायब्ररी वापरा, पायसीरियल किंवा क्यूटीचं सीरियल पोर्ट. पण वेग, पॅरिटी, फ्लो कंट्रोल, वाचनाची मुदत हे सगळं स्वतः लिहून द्या. लिनक्सवर पोर्ट साध्या फाइलीसारखं उघडलं तर आलेलं अक्षर परत काट्याकडे जातं, आणि काही इंडिकेटर टी अक्षर मिळालं की टेअर करतात, म्हणजे आकडा शून्यावर आणतात. काटा आपणहून सतत वजन पाठवत असेल तर संगणकाच्या बाजूला फक्त दोन आणि पाच नंबरच्या पिना जोडा. संगणकाकडून काट्याला काही जायलाच नको.

आपल्याकडे लाइट जाते. परत आली की कन्व्हर्टरचं नाव टीटीवाययूएसबी० चं १ झालेलं असू शकतं, म्हणून नाव कोडमध्ये पक्कं करू नका. लिनक्स कन्व्हर्टरच्या ओळखीवरून कायमचा पत्ता देतं, तो वापरा. स्वस्त सीएच३४० चिपला बहुधा स्वतःचा क्रमांक नसतो; असे दोन लावले तर कोणत्या खोबणीत कोणता, यावरूनच ओळखावं लागतं. उबुंटू २२.०४ वर हीच चिप लावताक्षणी गायब होते, कारण अंधांसाठीचं ब्रेल सॉफ्टवेअर बीआरएलटीटीवाय ती स्वतःची समजून धरून ठेवतं. परवानगी नाकारली तर वापरकर्त्याला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. विंडोजवर कॉम१० किंवा त्यापुढचं पोर्ट थेट उघडताना नावाआधी विशेष खूण लागते. पायसीरियल ती स्वतः लावतं.

काट्याला वैधमापन खात्याचं सील असतं. केबलसाठी ते तोडू नका. सॉकेट बाहेरच असतं, नसेल तर अधिकृत दुरुस्तीवाल्याला बोलवा.

प्रोग्राम दुकानाच्या ताब्यात देण्याआधी शिक्का मारलेली वजनं काट्यावर ठेवून बघा: काट्याचा आकडा, पडद्यावरचा आणि छापलेल्या पट्टीवरचा, तिन्ही एकच हवेत. चालू काट्यात कन्व्हर्टर उपसा आणि परत लावा. तेवढ्या वेळात पडद्यावर जुनं वजन तसंच राहिलं, तर प्रोग्राम अजून देण्याजोगा झालेला नाही. ती जागा रिकामी दिसली पाहिजे आणि पट्टी छापायचं बटण बंद.