गाडीचं तिथे गेल्यावर बघू?

काल फोनवर तू अगदी खुशीत होतीस. तिकिटं झाली, हॉटेल झालं, पिल्लूचा पोहायचा ड्रेससुद्धा आला. मी गाडीचं विचारलं तर म्हणालीस, "ते काय गं ताई, गोव्यात पावलोपावली गाड्या मिळतात. तिथे गेल्यावर बघू." तेव्हा मी काही बोलले नाही, कारण तुझ्या सासूबाई शेजारीच बसलेल्या होत्या. आता दुपारची निवांत असशील. चहा घे आणि ऐक.

आम्हीही एकदा असंच "तिथे गेल्यावर बघू" म्हणून गेलो होतो. ऐन नाताळात. आमची ट्रेन तीन तास उशिरा मडगावला टेकली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. धाकटा माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला, सासऱ्यांची जेवणाची वेळ टळून गेलेली, आणि तुझे भावजी फोनवर फोन लावताहेत. चार ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "दोन तारखेनंतर बोला." पाचवा म्हणाला, आहे एक गाडी. भाडं नेहमीच्या दुप्पट. पावती नाही, कागद नाही. चावी हातात ठेवताना तो हसत म्हणाला, "कोणी विचारलंच, तर मित्राची गाडी म्हणा."

तिसऱ्या दिवशी पणजीजवळ पोलिसांनी हात केला. भावजी पढवल्यासारखे म्हणाले, "मित्राची आहे." पोलिसाने शांतपणे विचारलं, "मित्राचं आडनाव काय?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सासऱ्यांकडे. सासरे खिडकीतून नारळाची झाडं बघत होते. पुढचा दीड तास आम्ही सगळे तीच झाडं बघत रस्त्याकडेला बसलो.

आता घरी हा किस्सा सांगून हसतो आम्ही. पण त्या रात्री नेमकं काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. तुझे भावजी किती चिकित्सक आहेत, तुला माहीत आहे. साधी कढई घेतानाही तीन दुकानं फिरणारा माणूस. त्या रात्री मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आजी म्हणायची ना, गरजवंताला अक्कल नसते? अगं, अक्कल असते, पण ती वापरायची सोय नसते. गाडी आधी ठरवायची ती दोन पैसे वाचावेत म्हणून नाही. वाचले तर वाचले. आधी ठरवायची ती प्रश्न विचारायची आणि "नको" म्हणायची मोकळीक हातात असते तेव्हाच व्यवहार व्हावा म्हणून.

कधी ठरवायची, ते लक्षात ठेवायची सोपी खूण सांगते. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत ते 120 दिवस होतं. दिवाळी, नाताळ किंवा कार्निव्हलच्या दिवसांत जायचं असेल तर ज्या दिवशी तिकीट काढशील त्याच दिवशी गाडीचाही फोन करून टाक. एरवी आडव्या दिवसांत दोनतीन आठवडे पुरतात. तुझ्या तारखा तर ऐन नाताळातल्या आहेत, म्हणजे आजच उशीर झालाय असं समज.

पहिली गोष्ट, उतरणार कुठे? हसू नकोस. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. वास्कोजवळचा जुना दाबोळी आणि पेडण्यात 2023 च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा. दोघांत साठेक किलोमीटरचं अंतर. माझ्या ऑफिसातल्या एकीने तिकीट मोप्याचं काढलं आणि गाडी सांगितली दाबोळीला, कारण तिच्या डोक्यात "गोवा एअरपोर्ट" म्हणजे एकच होता. ट्रेनने गेलीस तरी हेच. थिवी, करमळी की मडगाव, हे गाडीवाल्याला लिहून कळव, सोबत फ्लाइटचा किंवा ट्रेनचा नंबरही दे. उशीर झाला तर थांबणार का, किती वेळ, आणि रात्री गाडी आणून द्यायचे वेगळे पैसे पडतात का, हे तेव्हाच विचार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे पाटी. घरच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी, टॅक्सीची पिवळ्यावर काळ्या अक्षरांची. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची काळी, आणि तिच्यावर पिवळी अक्षरं. आपल्याला ही काळीच हवी. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देणारे भेटतील, गोडही बोलतील. पण घरची गाडी भाड्याने देणं हे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. आणि पोलिसांचं एकवेळ सोड, उद्या कुठे धडक बसली तर विमा कंपनी म्हणणार, गाडी खासगी वापराची होती, तुम्ही भाड्याने कशी घेतलीत? मग सगळा खर्च तुमच्या डोक्यावर. म्हणून पैसे पाठवण्याआधी गाडीच्या आरसी बुकाचा, विम्याचा आणि पीयूसीचा फोटो मागून घे. नंबर मिळाला की एम-परिवहन अ‍ॅपवर टाकून बघ, विमा चालू आहे की संपलाय ते दिसतं. जो "मॅडम, इथे आल्यावर दाखवतो" म्हणेल, त्याला तुझ्याकडून नमस्कार.

पैशांचंही तसंच. इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही नंबरावर पूर्ण रक्कम पाठवू नकोस. थोडी आगाऊ रक्कम द्यायची, बाकी गाडी ताब्यात घेताना. फारच शंका आली तर व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवायला सांग. अनामत किती, कशी घेणार, परत कधी देणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. फोनवर काय ठरलं ते चार दिवसांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं. वेग किंवा सिग्नलचं ई-चलान नंतर मालकाच्या मोबाइलवर येतं, म्हणून काहीजण अनामत आठ-दहा दिवस ठेवून घेतात. त्यात गैर काही नाही, फक्त आपल्याला ते आधी माहीत हवं. ऐन वेळी बेत रद्द झाला तर आगाऊ रकमेचं काय, हेही त्याच निरोपात विचारून टाक.

"दिवस" म्हणजे काय तेही विचार. बहुतेकांचा दिवस म्हणजे 24 तास. सकाळी दहाला घेतलेली गाडी सकाळी दहालाच परत. तुझं परतीचं विमान दुपारी चारचं आहे. म्हणजे दहाला गाडी देऊन सामानासकट ताटकळायचं, नाहीतर वरच्या तासांचे पैसे मोजायचे. तासाचा दर किती, की सरळ आख्खा दिवस धरणार? पेट्रोल आपलंच असतं. काटा जिथे असेल तिथेच आणून द्यायचा, म्हणून घेताना काट्याचा फोटो काढ. किलोमीटरला मर्यादा आहे का तेही बघ. फोंड्याची देवळं, मग पाळोळे, मग हरमल असं उभं-आडवं फिरायचं म्हटलं तर किलोमीटर भराभर पळतात.

आणि हो, मालवणच्या मावशीकडे जेवायला जायचा तुझा बेत. मला त्याचीच धास्ती आहे. गोव्यातल्या भाड्याच्या गाड्या बहुतेकजण राज्याबाहेर नेऊ देत नाहीत. पत्रादेवीचा नाका ओलांडला की परवान्याचा प्रश्न येतो. आपल्याला बांद्यापर्यंत गेलं तरी घरीच असल्यासारखं वाटतं, कागदाला तसं वाटत नाही. नकाशात मोप्याहून सावंतवाडी जवळ दिसते म्हणून गुपचूप जाऊन येऊ, असं मनातसुद्धा आणू नकोस. मावशीकडे जायचंच असेल तर आधी सांगून लेखी परवानगी घे, नाही मिळाली तर त्या दिवसापुरती चालकासकट टॅक्सी कर.

चालकावरून आठवलं. सगळे दिवस स्वतःच चालवायलाच हवी असंही नाही. सासूबाईंना मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, असं एका दिवसात करायचंय. त्यांचे गुडघे बघता देवळाच्या दारात उतरवून पार्किंग शोधायला जाणारा माणूस सोबत असला, तर तू त्यांच्या हाताला धरून पायऱ्या चढू शकशील. त्या दिवशी टॅक्सी घे, बाकीचे दिवस आपली गाडी. मात्र पुण्यासारखं बोट दाबलं की दोन मिनिटांत दारात गाडी, हे तिथे धरून चालू नकोस. गोवा माइल्सचं अ‍ॅप आहे, पण रात्रीबेरात्री आडगावात त्याच्या भरवशावर राहू नये. देवळांच्या दिवसाची टॅक्सीही आधीच ठरव.

गाडी कुठली घ्यायची, यावर तुझ्या नवऱ्याचं मत मला न विचारता कळतं. त्याला थार हवी असणार. घ्या की, दोघंच असता तर मीच म्हटलं असतं. पण सासूबाईंना त्या उंच पायरीवर कोण चढवणार, आणि चार बॅगा ठेवणार कुठे? सात जणांची गाडी घ्यायची तरी ध्यानात ठेव, मागची तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन बॅगा मावतात. म्हणून आधी माणसं मोज, मग बॅगा, मग गाडी. तुला ऑटोमॅटिकची सवय आहे ना? मग तसं स्पष्ट सांग, त्या गाड्या मोजक्या असतात आणि पहिल्या संपतात. पिल्लूची सीट घरूनच ने.

गाडी हातात येईल तेव्हा पहिली दहा मिनिटं कोणालाही घाई करू देऊ नकोस. तुझा नवरा म्हणेल, चल गं, ऊन लागतंय. तू मोबाइल काढ आणि गाडीला प्रदक्षिणा घाल, देवळातल्यासारखी सावकाश. प्रत्येक ओरखडा, बंपरचा कोपरा, चाकाची रिम, काच, सगळं व्हिडिओत घे आणि तिथेच त्या माणसाला पाठवून दे. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आहे का, एसी आणि वायपर चालतात का, बघ. काच, टायर आणि गाडीच्या पोटाचं नुकसान विम्यात येतं का तेही विचार, बरेचदा येत नाही. आणि किनाऱ्यावर गाडी घालायची नाही. एकतर त्याला बंदी आहे. दुसरं म्हणजे, भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाडीजवळ उभ्या राहिलेल्या पर्यटकांचे फोटो दर मोसमात पेपरात येतात. त्यात आपल्या घरचं कोणी नको.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी हा एवढा प्रपंच मांडला.

करारावर जो गाडी चालवणार त्याचं नाव आणि लायसन्स घालावं लागतं. लायसन्स मूळ जवळ ठेव, शिवाय डिजिलॉकरमध्येही असू दे. नाव नसलेल्या माणसाने चालवली आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची, यावरून वाद होतो. म्हणून चालवणाऱ्या दोघांचीही नावं घालायची. पण चिमे, तुझं पहिलं घाल.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. "अगं, प्रवासात तोच चालवतो." का? रोज हडपसरच्या गर्दीतून ऑफिसला जातेस, पिल्लूला शाळेत सोडतेस, मागच्या पावसात पाणी साचलेल्या रस्त्यातून बाबांना दवाखान्यात नेलंस. आणि सुट्टी लागली की मागच्या सीटवर बसून सगळ्यांना चिवडा वाटतेस. माझंही तेच झालं. त्या नाताळात सासऱ्यांना पहाटे बरं वाटेना, भावजी तापाने फणफणलेले, आणि गाडी कधी हातातच न घेतल्यामुळे मला तिचा रिव्हर्स कुठे पडतो तेसुद्धा ठाऊक नव्हतं. हॉटेलच्या आवारात त्या गिअरशी झटापट करताना मी जेवढी रडवेली झाले, तेवढी पोलिसापुढेही झाले नव्हते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

म्हणून फोन तू कर, प्रश्न तू विचार, नाव तुझं घाल. विमानतळावर माणूस चावी घेऊन उभा असेल तेव्हा तो करारावरचं नाव वाचेल आणि चावी तुझ्या हातात देईल. पुढे ती कोणाला द्यायची, कधी द्यायची, ते तुझं तू ठरव. पण विमानतळ ते हॉटेल, एवढा पहिला रस्ता तू चालव. सासूबाईंना पुढे शेजारी बसव. चिवडा नवरा वाटेल.

आणि हो, गाडी ठरली की नंबरप्लेटचा फोटो मला पाठव. काळी आहे की नाही, बघायचंय मला.